पुरावेकर

पुरावेकरने आयुष्यात कधी थाप मारली नाही. हे मी तळ्यातल्या गणपतीच्या पायावर हात ठेवून सांगायला तयार आहे. थापाड्या माणसाला तोंड चालवावं लागतं. पुरावेकरचं सगळं काम हातांचं. तो फक्त वस्तू ठेवून द्यायचा. लोकांची नजर नक्की जाईल अशा जागी, आणि आपलं तिकडे लक्षच नाही अशा बेताने. पुढची थाप ज्याने त्याने आपापल्या मनात मारून घ्यायची.

हे त्याचं खरं आडनाव नव्हे, ते आम्ही बहाल केलेलं. नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही तिघं कॉट बेसिसवर राहायचो. एक कॉट पुरावेकरची. एक वैद्यबुवांची, म्हणजे बीएएमएसच्या शेवटच्या वर्षाला लटकलेल्या एका नगरकराची. आणि खिडकीजवळची, पाऊस आत येणारी, माझी. मी संस्कृत घेऊन एम.ए. करत होतो, त्यामुळे पावसाची कॉट माझ्याच वाट्याला येणार हे ओघाने आलंच.

पुरावेकर एका सी.ए.च्या ऑफिसात व्हाउचरं लावायचा. माझ्या मते सगळ्याचं मूळ तिथे आहे. दिवसभर कानावर एकच वाक्य: ‘पावती कुठाय?’ चहा प्यायला असशील बाबा, पण त्याचं व्हाउचर नसेल तर तो चहा तू प्यायलाच नाहीस. त्या धंद्यातला हा वेदान्त. पुरावेकरने तो उलटा करून पाहिला. व्हाउचर असेल, तर चहा प्यायला की नाही हे विचारतो कोण?

सुरुवात साधी होती. सुटकेसच्या मुठीला विमान कंपनीची पट्टी. तो विमानात बसला होता हे खरंच; ऑफिसच्या कामाला एकदा दिल्लीला जाऊन आला होता. पण ती पट्टी पुढे दोन वर्षं निघाली नाही. गावी जाताना स्वारगेटच्या फलाटावर सुटकेस अशी उभी करायचा की पट्टी बाकड्यावरच्या लोकांकडे यावी. शाई उडायला लागली तेव्हा वरून सेलोटेप मारला. मग शर्टाच्या खिशातून सिनेमाची दोन तिकिटं डोकवायला लागली, शेजारशेजारच्या खुर्च्यांची. सिनेमा त्याने खरंच पाहिलेला असे, दोन्ही तिकिटांचे पैसे खरंच मोजलेले असत, आणि दुसऱ्या खुर्चीवर त्याची बॅग खरंच बसलेली असे. डबा खाण्याच्या वेळेला मोबाईलवर गजर लावलेला. तो वाजला की स्क्रीनकडे बघून गालातल्या गालात हसायचं, बोटाने बंद करायचा आणि पोळीचा पुढचा घास घ्यायचा. समोरच्याने ‘कोण रे?’ म्हटलं की खरं ते सांगायचं. ‘कुणी नाही.’

या ‘कुणी नाही’त त्याची सगळी कमाई होती. तो शंभर टक्के खरं बोलायचा आणि लोक त्यावर काडीचा विश्वास ठेवायचे नाहीत. सत्याचा इतका किफायतशीर वापर केलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

एकदा त्याच्या खांद्यावर लांबसडक केस दिसला. ऑफिसात म्हणे थोडी कुजबुजही झाली. संध्याकाळी वैद्यबुवांनी तो केस चिमटीत धरून खिडकीपाशी नेला. खालचा भाग मेंदीने तांबूस आणि मुळाकडे बोटभर स्वच्छ पांढरा. घरमालकीणकाकूंची फणी न्हाणीघराच्या कोनाड्यात असायची.

“अरे, निदान सबंध काळा तरी बघायचास.”

“सबंध काळा मिळाला नाही,” पुरावेकर म्हणाला. तिथेही थाप नाही.

त्याची कारकीर्द कळसाला पोचली ती २०१६च्या पावसाळ्यात. त्याच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणारा एक पोरगा एका सोमवारी कॉलर वर करून आला. कॉलर पाऊस म्हणून वर आहे की थंडी म्हणून, हे कुणाला कळेना. अकराच्या सुमारास तो फाइल काढायला वाकला आणि कानाखाली, मानेच्या बाजूला, जांभळट डाग दिसला. त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. पण दिवसभर त्या पोराला ऑफिसात निराळी वागणूक मिळाली. कधी नव्हे ते शिपायाने चहा आधी त्याच्या टेबलावर ठेवला. थोरल्या साहेबांनी त्याला ‘जरा आराम करत जा’ म्हटलं, तेही हसून.

रात्री पुरावेकर आढ्याकडे बघत पडला होता. “एवढंसं,” तो म्हणाला, “आठ आण्याएवढं. पण काय व्हाउचर आहे!”

इथे माझा थोडा हात लागला, तो लपवत नाही. मी म्हटलं, बाबा रे, हे काही आजचं नाही. वात्स्यायनाने कामसूत्रात नखांच्या खुणांचे आठ आणि दातांच्या खुणांचे आठ प्रकार नावांनिशी दिलेत. तो उठूनच बसला. मग मी त्याला एकेक नाव सांगितलं. नुसती लाली येते तो गूढक. दोनच दातांत कातडीचा कण धरला की बिंदु, सगळ्या दातांची ओळ उमटली की बिंदुमाला. आणि सर्वांत दांडगा प्रकार, वराहचर्वितक. “म्हणजे?” “म्हणजे डुकराने चघळल्यासारखा.” “तो नको,” पुरावेकर म्हणाला आणि बाकीची नावं ऑफिसच्या डायरीच्या मागल्या पानावर उतरवून घेतली. त्याला सर्वांत आवडली ती पुढची गोष्ट. अंगावर अशा खुणा असलेला पुरुष नुसता दिसला तरी स्थिर मनाच्या बायकांचंही चित्त बहुधा हलतं, असं वात्स्यायनाने लिहून ठेवलंय. ही खूण पाहणाऱ्यांसाठी असते हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. मात्र ती आपली आपण कशी काढावी, यावर सबंध ग्रंथात एक अक्षर नाही. शास्त्र तिथे संपलं आणि पुरावेकर सुरू झाला.

शनिवारी तो तुळशीबागेत गेला. लिपस्टिक मागणाऱ्या एकट्या पुरुषाला दुकानदार विचारतो, कुणासाठी हवी? दुसरा कुणीही बहिणीचं नाव सांगून मोकळा झाला असता. याचं व्रत आडवं आलं.

“मला मानेला लावायचीय.”

तुळशीबागेतल्या दुकानदाराने जगात बघायचं काही शिल्लक ठेवलेलं नसतं. मान वर न करता तो म्हणाला, “मानेला मग मॅट घ्या. ग्लॉसी चमकते.” वर एक आयशॅडोची डबीही गळ्यात मारली. त्यात जांभळा, निळा, हिरवा, पिवळा, तपकिरी असे चौकोन. तो दुकानदार किती दूरदृष्टीचा होता ते आम्हाला पुढे कळलं.

पहिला प्रयोग लाल रंगावर झाला आणि साफ फसला. परदेशी व्हिडिओतल्या गोऱ्या मानेवर लाल डाग चावल्याचा दिसतो. पुरावेकरच्या गव्हाळ-सावळ्या मानेवर तो कुंकवाचा दिसला. खालच्या पानपट्टीवाल्याने विचारलंसुद्धा, “चतुःशृंगीला जाऊन आलात का?” म्हणून मरून आला. मरूनवर वांगी रंगाचा हात. हे प्रमाण बसायला एक आठवडा गेला. त्यातही पहिल्या चार दिवसांचा डाग अगदी गोल यायचा, कारण पठ्ठ्या औषधाच्या बाटलीचं झाकण ठेवून कड आखून घ्यायचा.

वैद्यबुवा म्हणाले, “इतकं गोल तोंड कुणाचं असतं रे?”

पुरावेकर गंभीरपणे विचारात पडला. “माशाचं,” तो म्हणाला.

मग त्याच्या डोक्यात आलं की रंगच कशाला हवा. एका रविवारी दुपारी आम्ही झोपलेलो असताना त्याने पाण्याची प्लास्टिकची बाटली चेपली, तोंड मानेला लावलं आणि हात सोडला. फट्‌ आवाजाने वैद्यबुवा जागे झाले. तोवर मी त्यांना कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. परीक्षेत न आठवलेला अख्खा सुश्रुत त्या दिवशी त्यांना आठवला. ही तुंबडी आहे, तुंबडी! रक्तमोक्षणाची साधनं सुश्रुताने सांगितलीत, वाताला शिंग, पित्ताला जळू, कफाला भोपळा. आणि ती कुठे लावायची याला काही विचार असतो. पाठीवर लाव, पोटरीवर लाव. मानेतून मेंदूकडे रक्त नेणारी मोठी रोहिणी जाते, तिच्यावर कसले खेळ करतोस? त्याच आठवड्यात रिओच्या ऑलिम्पिकमधले मायकेल फेल्प्सचे फोटो पेपरात येत होते, खांद्यावर आणि पाठीवर तुंबड्यांचे मोठे जांभळे गोल घेऊन पोहत असलेला. वैद्यबुवांनी पेपर पुरावेकरच्या नाकाशी धरला. “त्याच्या पाठी सुवर्णपदकं आहेत. तुझ्यापाठी कोण आहे?”

“कुणी नाही,” पुरावेकर म्हणाला. बाटली त्या दिवशी कचऱ्यात गेली आणि पुन्हा कधी आली नाही.

त्यानंतर मात्र त्याने हातात कला धरली. सकाळी सात वाजता आंघोळ करून तो सज्जात आरसा घेऊन उभा राहायचा. ट्यूबच्या उजेडात झकास दिसणारा डाग उन्हात निव्वळ लिपस्टिक दिसतो, हे त्याला कळून चुकलं होतं. आधी मान टिपून टिपून कोरडी करायची. पुण्याच्या पावसाळ्यात, दमट खोलीत, हेच अर्धं काम. मग अनामिकेच्या टोकावर मरून घ्यायचा. अनामिकाच, कारण त्या बोटाला जोर कमी. रंग चोळायचा नाही, नुसता ठेवायचा आणि उचलायचा, लांबट आकारात, एक टोक किंचित फुगीर. वांगी रंग बरोबर मध्ये लावायचा नाही, थोडा बाजूला. आणि मग त्याची खरी युक्ती, जुना टूथब्रश. त्याचे केस मरूनमध्ये टेकवून डागाच्या कडेला दोन-तीनदा हलकेच दाबले की बारीक बारीक ठिपके उमटत. ओढीने बारीक रक्तवाहिन्या फुटतात, रक्त कातडीच्या आत झिरपतं, वर जखम नसते पण असले ठिपके दिसतात, हे ज्ञान वैद्यबुवांचं. कोरड्या बोटाने कड मोडायची. कड सरळ राहिली की सगळं मुसळ केरात. शेवटी पावडरचा हलका हात, फुंकर, आणि कॉलर. कॉलर उभी करण्यात तर त्याने कमाल गाठली होती. डाग झाकायला उभी केलेली कॉलर, पण तिरकी. फाइल काढायला वाकलं की खुलणारी.

आरशासमोरच्या या अर्ध्या तासात पुरावेकरच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता यायची, ती मी ग्रंथालयात पाणिनी उघडून बसलेल्यांच्याही चेहऱ्यावर पाहिली नाही. खरी प्रेयसी असती तर तिच्याकडे त्याने एवढं लक्ष दिलं असतं का, याची मला शंका आहे.

काम चोख झालं. अडचण निराळीच निघाली, ती म्हणजे वाचक.

पहिल्यांदा बघितलं घरमालकीणकाकूंनी. तुळशीला पाणी घालता घालता थबकल्या. “अगं बाई, हे काय रे? कोळी मुतला वाटतं.”

पुरावेकर लाजून हसला. “काही नाही हो काकू.”

“काही नाही कसं? रात्रभर ट्यूब जाळता तुम्ही पोरं. बस इथे.”

त्यांनी ओल्या फडक्याने मान खसाखसा पुसली. फडक्यावर मरून उतरला. काकूंनी फडकं आम्हा दोघांना दाखवलं. “बघा, बघा! कसं विष उतरतंय!” त्यावर हळद आणि चंदनाचा लेप बसला. पुरावेकर त्या दिवशी ऑफिसात पिवळा गळा घेऊन गेला. वैद्यबुवांनी संध्याकाळी खुलासा केला की कोळी बिचारा निर्दोष असतो. पावसाळ्यात दिव्याशी येणारा एक बारीक किडा अंगावर चिरडला जातो आणि त्याच्या रसाने कातडी पोळते. पण हे काकूंना सांगण्याची त्यांची छाती नव्हती.

मेसचे मालक ताट वाढताना म्हणाले, “गजकर्ण आहे. टॉवेल कुणाचा वापरू नका.” आणि दुसऱ्या दिवसापासून पुरावेकरचं ताट-वाटी वेगळं ठेवायला लागले. वाड्यातल्या आजोबांनी चष्मा कपाळावर चढवून निदान केलं, नागीण. त्यांच्या माहितीत गेरूचा लेप देणारा एक जण कसब्यात होता. “दोन्ही तोंडं मिळायच्या आत जाऊन ये बाबा. मिळाली की माणूस संपतो.” वैद्यबुवा आतून पुटपुटले की नागीण म्हणजे कांजिण्यांचाच विषाणू, तो शिरेच्या रेषेने उठतो आणि त्याला तोंडं नसतात. पण आजोबांना ऐकू कमी यायचं. समोरच्या खोलीतल्या ताईंनी पित्त म्हणून वाटीभर आमसुलाचं पाणी पाठवलं. इस्त्रीवाल्याला ढेकणांचा संशय आला आणि त्याने आमच्या खोलीतले कपडे वेगळ्या गाठोड्यात बांधले.

आपल्याकडे कातडीवर काहीही उठलं की पहिला संशय किड्यावर, दुसरा पित्तावर आणि तिसरा मेसच्या तेलावर. प्रेमापर्यंत पोचायच्या आत रोगी बरा होतो. पुरावेकरने पुरावा उत्तम केला होता, पण त्या वाड्यात त्या गुन्ह्याचं कलमच नव्हतं.

त्या रात्री त्याचं सांत्वन करायला म्हणून मी त्याला एक गाथा सांगितली. आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात ती उदाहरण म्हणून घेतलीय, आणि भाषा आपली, महाराष्ट्री प्राकृत. एका बाईच्या ओठावर व्रण उठलाय आणि तो नवऱ्याचा नाही. नवरा ऐकेल एवढ्या अंतरावर आहे. तेव्हा तिची मैत्रीण मोठ्याने तिलाच रागावते, की भुंगा बसलेलं कमळ हुंगू नकोस म्हणून सांगितलं होतं ना, आता भोग. झालं. ओठ भुंग्याने फोडला.

पुरावेकर बराच वेळ गप्प होता. “मग नवऱ्याने मानलं?”

“गाथा तिथेच संपते.”

“म्हणजे तिचं खरं होतं, तर तिला किड्याचं नाव पुढे करावं लागलं. आणि माझं खोटं आहे, तर लोक आपणहून किड्याचं नाव घेतायत.” तो कुशीवर वळला. अलंकारशास्त्राच्या वर्गात आमच्यापैकी कुणालाही हा मुद्दा सुचला नव्हता.

दुसरा एखादा हात टेकून बसला असता. पुरावेकरने पुरावा आणखी पक्का करायचं ठरवलं. वैद्यबुवांनी बोलता बोलता सांगितलं होतं की खरा डाग एका रंगावर थांबत नाही. आधी लालसर, मग एक-दोन दिवसांत जांभळा-निळा. झिरपलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन फुटत जातं, त्याचं आधी हिरवं रंगद्रव्य होतं, मग पिवळं, आणि दोनेक आठवड्यांत सगळं विरतं. त्यातलं पिवळं म्हणजे बिलिरुबिन, कावीळीत डोळ्यांत उतरतं तेच. आता तुळशीबागेतल्या त्या डबीतले सगळे चौकोन कामाला आले. पुरावेकरने भिंतीवरच्या कालनिर्णयावर रंग लिहून ठेवले. एकादशीच्या चौकोनात ‘हिरवा’, संकष्टीच्या चौकोनात ‘पिवळा’. काकूंच्या ते लक्षात आलं आणि त्यांना वाटलं, पोरगा वाराप्रमाणे रंगाचे शर्ट घालतो, बरा धार्मिक आहे. पिवळ्या दिवशी मात्र मेसवाल्यांनी ‘कावीळ!’ म्हणून ताटातली भजी काढून घेतली आणि वर स्वतःच्या पैशाने उसाचा रस पाजला.

हा डाग पहिल्यांदा ज्यांनी बरोबर वाचला, त्या त्याच्या ऑफिसातल्या ऑडिटच्या मॅडम. चाळिशीच्या, चष्मा साखळीला, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांत चूक शोधण्याचा पगार घेतलेल्या. त्या दिवशी ऑफिसात काय झालं ते पुरावेकरनेच आम्हाला शब्दशः सांगितलं, आणि तो खोटं बोलत नाही.

मॅडमनी त्याला टेबलापाशी बोलावलं. आवाज खाली. “बावीस तारखेला तुमची मान हिरवी होती. म्हणजे डाग निदान पाच-सहा दिवसांचा. सतराला तुम्ही दिवसभर माझ्याबरोबर चाकणला स्टॉक मोजत होता. मान कोरी होती. ओपनिंगला काही नाही आणि क्लोजिंगला माल शिल्लक, हे कसं?”

पुरावेकर गप्प.

“बरं, परवा पिवळं होतं. आज पुन्हा जांभळं, तेही त्याच जागी, बोटभर वर सरकून. मधे कुणी आलं होतं का?”

आजवर लोकांनी त्याला ‘कोण’ म्हणून विचारलं होतं, ‘काय’ म्हणून विचारलं होतं, आणि त्या दोन्ही प्रश्नांना त्याच्याकडे तयार खरं उत्तर होतं. तारीखवार कुणी विचारलं नव्हतं.

“नाही,” पुरावेकर म्हणाला. “पिवळा रंग संपला.”

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खुर्चीतून अर्धवट उठून मान जवळून पाहिली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, “हे ठिपके कशाने काढता?”

“टूथब्रशने.”

“कड छान मोडलीय.” आणि जरा थांबून, “आमच्या चिरंजीवांच्या शाळेत डिसेंबरात गॅदरिंग आहे. त्याला बाजीप्रभू दिलाय. जखमा कुणी करून देईल का, म्हणून मी शोधातच होते.”

असा पुरावेकर मानेवरून रंगभूमीवर आला. मान कायमची कोरी झाली. त्या गॅदरिंगला त्याची पेटी धरायला मी गेलो होतो. पेटीत तीच डबी, तोच ब्रश, आणि एका बरणीत त्याने रात्री उकळून केलेलं रक्त. घट्ट साखरेचा पाक, खायचा लाल रंग, आणि ते काळपट व्हावं म्हणून चिमूटभर कोको. चव मी पाहिली, बरी होती.

तिसरीतला बाजीप्रभू बाकावर उघडा बसला होता आणि पुरावेकर त्याच्या खांद्यावर वाकून काम करत होता. नाटकाच्या बाई सारख्या येऊन म्हणत, “सर, रक्त कमी वाटतंय. मागच्या रांगेतून दिसायला नको? आणि इथे थोडं हिरवं-निळं पण टाका ना, मुका मार.”

पुरावेकरने ब्रश खाली ठेवला. “बाई, १६६०च्या जुलैत एका दिवसात झालेली लढाई आहे ही. एका दिवसात माणूस हिरवा होत नाही. सकाळच्या जखमा काळवंडलेल्या, दुपारच्या लाल, शेवटची ओली, असं मी धरलंय.”

“अहो, पालकांना काय कळतंय?”

“एक पालक ऑडिटला आहेत,” पुरावेकर म्हणाला.

बाईंनी मग स्वतःच बरणी उचलून बाजीप्रभूंच्या पाठीवर, पोटावर आणि पडणाऱ्या मावळ्यांवरही सढळ हाताने रक्त घातलं. विंगेत गॅदरिंगच्या खाऊची खोकी रचलेली होती. बुंदीचे लाडू. म्हणजे मुंग्या आधीपासून हजर होत्याच, त्यांना फक्त रस्ता बदलायचा होता.

खिंड उत्तम झाली. बाजीप्रभू दोन्ही हातांत पट्टे फिरवत लढले. विशाळगडावरच्या तोफा, म्हणजे विंगेतला पत्र्याचा डबा, एका सरांच्या ताब्यात होता, आणि सर ऐन वेळी फोनवर होते. त्यामुळे बाजीप्रभूंना इतिहासापेक्षा बरंच जास्त लढावं लागलं. शेवटी डबा वाजला, बाजी पडले, आणि पोवाडा सुरू झाला. पोवाडा मोठा होता. चौथ्या कडव्याला धारातीर्थी पडलेल्या बाजीप्रभूंचा डावा पाय हळूच वर आला आणि त्याने उजवी पोटरी खाजवली. मग हात पाठीमागे गेला. पलीकडे एक मेलेला मावळा उठून बसला आणि पुन्हा मेला. सिद्दीचे दोन हशम एकमेकांची पाठ खाजवायला लागले. प्रेक्षागृहात जो हशा उसळला त्यात पोवाडा बुडाला, आणि बाईंनी पडदा ओढला.

विंगेत बाजीप्रभू मुसमुसत होता. मॅडम ओल्या रुमालाने पाक पुसत होत्या आणि त्याच्याखालून पोटरीवर, दंडावर लाल गांध्या उठलेल्या दिसत होत्या. नाटकाच्या बाई रडवेल्या. पुरावेकर मोबाईलचा टॉर्च लावून गुडघ्यावर बसला आणि त्याने एक गांधी अगदी जवळून पाहिली.

“हे बघा,” तो मला म्हणाला, “मधे टिंब, भोवती फिकट, आणि मग लाली. कड कशी विरत गेलीय बघा. ही कड मला आजपर्यंत जमली नाही.”

बाजीप्रभूचं रडं थांबलं. त्याने दंड वाकडा करून स्वतःची गांधी पाहिली. मग दुसरी पाहिली. एकूण मोजल्या.

“काका, ह्या उद्यापर्यंत राहतील का? वर्गात दाखवायच्यात. लढाईत लागलं म्हणून.”

“ह्या खऱ्या आहेत ना, उद्यापर्यंत बसून जातील,” पुरावेकर म्हणाला. त्याने बोटाने गांधीचा आकार पुन्हा एकदा चाचपला. “शाळा किती वाजता असते तुझी?”

“सव्वासातला.”

“मग साडेसहाला मी खाली येतो. पण कुणी विचारलं तर सांगायचं, ‘काही नाही.’”